प्रकरण बारावे : मशीनवर कोण बसणार

रविवारी सकाळी साडेनऊला कपड्यांचं मशीन चालत चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं आणि आईने ठरवलं की आता बास झालं.

चालत आलं म्हणजे खरंच चालत आलं. आधी एक खांदा पुढे, मग दुसरा, अरुंद बोळातून वाट काढणाऱ्या जाड पाहुण्यासारखं. नळी ताणली, वायर ताणली, प्लग भिंतीतून निसटला आणि मशीन होतं तिथेच गप्प झालं. काचेच्या गोल दारामागे बाबांचा निळा शर्ट एक बाही वर करून चिकटला होता, वर्गात एकट्यालाच उत्तर येत असल्यासारखा.

"आज वार कुणाचा?" आईने विचारलं.

खरं तर विचारायची गरज नव्हती. रविवार काकाचा.

"फोन आला होता," काका बोळातून म्हणाला. "दोनच मिनिटं उठलो, वहिनी."

"दोन मिनिटांत इथवर आलं. पाच मिनिटं बोलला असतास तर ताट मागितलं असतं त्याने."

चिमटीला हसू आलं, पण तिने ते गिळलं, कारण आई हसत नव्हती. चिमटी म्हणजे या घरातली पंधरा वर्षांची एकुलती एक नात. पातळ बोटांनी कुठल्याही फटीतला स्क्रू उचलून आणते म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. शेजारणीच्या इस्त्रीला तिने बाटलीच्या झाकणाचं बटण करून दिल्यापासून तर ती दोन इंच उंच झाल्यासारखी चालत होती.

मशीनवर बसायचे वार तिच्या जन्माआधीपासूनचे, कागदावर लिहून भिंतीला लावलेले. पाणी पिळायची वेळ झाली की मशीन हादरायला लागायचं, म्हणून वर कुणीतरी बसायचं. सोमवार आणि गुरुवार आईचा, मंगळवार आत्याचा, शुक्रवार बाबांचा, बुधवार आणि शनिवार चिमटीचा. सुरुवातीला म्हणे वर जाडजूड शब्दकोश ठेवला की भागायचं. मग आत्या बसायला लागली, ती तेव्हा काडीसारखी होती. मग आत्या पुरेना म्हणून आई. आता काकासुद्धा वर बसून लोणी काढल्यासारखा घुसळला जायचा, आणि चिमटी तिच्या वारी मांडीवर भरलेलं दप्तर घेऊन बसायची. सत्तावीसचा पाढा तिने तिथेच पाठ केला होता. अजूनही तो म्हणताना तिचा आवाज थरथरायचा.

शिवाय या घरात अवघड गोष्टी मशीनवर बसूनच बोलायची रीत होती. त्या आवाजात निम्मं कुणाला ऐकू जायचं नाही, आणि उरलेल्या निम्म्यावर चिडायला वेळ लागायचा. आत्याने तीन स्थळांना नकार तिथूनच कळवला होता. काकाने आपण फिटर होणार नाही, शोरूममध्ये मशीनं विकायला उभे राहणार, हे तिथूनच सांगितलं होतं.

वार नव्हता तो फक्त आजोबांना. कारण त्यांच्या मते मशीन हलतच नव्हतं.

"फरशी उतरती आहे," आतासुद्धा ते मागच्या खोलीतून बाहेर येत म्हणाले. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर, त्यामुळे हातात काही ना काही असायचंच. आज पाणसळ होती. त्यांनी ती फरशीवर ठेवली, वाकून बघितलं, आणि बुडबुडा मधोमध थांबलेला दिसला तेव्हा गुपचूप उचलली.

"अण्णा," काका म्हणाला. आजोबांना त्यांची मुलं आणि सून अण्णाच म्हणत. "तो फोन शोरूमचा होता. आज आमची गाडी इकडे येतेय, पाच वाजता. नवीन मशीन ठेवतील, हे घेऊन जातील. मी फक्त हो म्हणायचं बाकी ठेवलंय."

"शोरूमने घरातसुद्धा शोरूम काढलं म्हणायचं."

"मिक्सर गेला, पंखे गेले. घरी केलेल्या पार्टावर चालणारं हे एकच उरलंय. हे गेलं की मागच्या खोलीत काम काय उरणार तुम्हाला? खोली रिकामी होईल. ताईला तिचा शिवणाचा क्लास तिथे घेता येईल."

"आणि माझं टेबल?" आजोबांनी विचारलं.

काका खाली बघून म्हणाला, "भंगारवाला बघून गेलाय."

ते टेबल म्हणजे लोखंडी पाट, त्यावर वस्तू घट्ट पकडून धरणारा व्हाइस, शेजारी वस्तू फिरवत सोलणारा छोटा लेथ. दहावी झाली की ते चिमटीचं होणार, असा तिचा आणि आजोबांचा करार होता. तो मशीनवर बसून झाला नव्हता, शांततेत झाला होता. म्हणून तिला तो जास्त पक्का वाटायचा.

"आत्या, तू पण?" तिने वळून विचारलं.

आत्या बाबांहून मोठी, पेशाने शिंपीण, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. "मला खोली हवीय. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं हॉलच्या कोपऱ्यात कापड बेततेय. कुणी पाय दिला की बाहीला नक्षी."

"दादा, तुझं काय?" काकाने बाबांकडे बघितलं.

बाबांनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग भावाकडे, मग काचेमागच्या स्वतःच्या शर्टाकडे. "दोघांचंही बरोबर आहे," ते म्हणाले.

"कमाल आहे," आई म्हणाली. "सगळ्यांची मतं झाली. कपडे कोण धुतं, ते कुणाला आठवतंय का?"

आजोबांनी पाणसळ पाठीमागे धरली.

"मला टेबल नको, खोली नको, शोरूम नको. मला गुरुवारी भाजी चिरता आली पाहिजे, मशीनवर बसायला न लागता. पाच वाजेपर्यंत वेळ देते, अण्णा. मशीन एकदा पूर्ण पिळून दाखवायचं, वर कुणीही न बसता. मशीनवर मी पाण्याने भरलेला पेला ठेवणार. पेला पडला तर गाडीवाल्यांना मीच दार उघडीन."

"सांडला तर?" चिमटीने विचारलं.

"थेंबभर चालेल. मी काय राक्षसीण आहे?"

मशीन जुन्या गोधडीवर आडवं केलं काकाने, कारण दुसऱ्या कुणाला ते उचलवलंच नसतं. "मी विरोधात आहे, लक्षात ठेवा," उचलता उचलता तो म्हणाला.

"विरोधकाने डावीकडून जरा वर धर," आजोबा म्हणाले.

खाली ड्रमला दोन दांडे होते, सायकलच्या पंपासारखे, हादरे पोटात घेणारे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला लोखंडी कडी, कडीत अंगठ्याच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा पोकळ बुश, आणि बुशातून आरपार पिन. हे बुश बाजारात मिळणं कधीचंच बंद झालं होतं. खाटकाने टाकून दिलेल्या जाड प्लॅस्टिकच्या ठोकळ्यातून आजोबा ते कापून काढत आणि लेथवर फिरवत. सुऱ्यांचे वार पडलेला तो ठोकळा आता संपत आला होता. चिमटीने मोजलं, चारच बुश निघतील एवढा उरला होता.

काम नेहमीच्या पद्धतीने झालं. जुना बुश समोर ठेवायचा, त्याचं माप घ्यायचं, नवा अगदी तसाच करायचा, आणि जुन्याला तारखेची चिठ्ठी बांधून नमुन्याच्या डब्यात टाकायचं. "नमुन्यावर संशय घ्यायचा नाही," आजोबा म्हणत. चिमटीला दात पडायच्या वयापासून हे वाक्य पाठ होतं. आजोबा लेथ फिरवत होते आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कुरळ्या पट्ट्या त्यांच्या बनियनवर पडत होत्या. दोन बुश झाले, दुकानातल्यासारखे गुळगुळीत.

दीड वाजता पहिली चाचणी झाली. आईने पेला ठेवला. मशीनने वेग घेतला, खांदा उडवला, आणि पेला मिनिटभरही टिकला नाही. काकाने पावलांनी अंतर मोजलं. "अडीच फरशा. आणि अण्णा, हे नवीन बुश टाकून."

"फरशी..." आजोबा म्हणाले, आणि पुढचं काही बोललेच नाहीत.

काकाकडून मशीन पुन्हा आडवं करून घेऊन, नवे बुश काढून ते मागच्या खोलीत निघून गेले. चिमटीने त्यांना असं अर्ध्या वाक्यात थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. बोळात काका फोनवर हळू आवाजात म्हणत होता, "हो, पाचला या." त्यात आनंद नव्हता, हेही तिला ऐकू आलं, आणि त्यामुळे तर जास्तच वाईट वाटलं.

जेवणं उरकली. ताटं उचलल्यावर आत्याने बाबांना उभं केलं, कारण त्यांचा नवा शर्ट बेतायचा होता. बाबांनी खुर्चीवरचा जुना शर्ट पुढे केला.

"अंगाचं माप कशाला घेतेस, ताई? याच्यावरून काप. हा छान बसतो."

"हा छान बसत नाही, हा ढगळ झालाय, आणि तुला त्या ढगळपणाची सवय झालीय." आत्याने टेप त्यांच्या छातीभोवती आवळली. "आठ वर्षं धुतलेल्या शर्टावरून कापला तर नवा शर्ट पहिल्याच दिवशी आठ वर्षांचा होईल. मग पुढच्या वेळी तोही आणून देशील, याच्यावरून काप म्हणून. सरळ उभा राहा."

चिमटीच्या हातातला पेला फडक्यातच राहिला.

"आत्या, परत म्हण."

"सरळ उभा राहा?"

"नाही, त्याच्या आधीचं."

पण तोवर ती मागच्या खोलीकडे पळालीही होती.

आजोबा स्टुलावर बसले होते, समोर काहीही न घेता. चिमटीने शेल्फवरून नमुन्याचा डबा काढला, बुश शोधून चिठ्ठ्यांच्या तारखांप्रमाणे टेबलावर रांगेत मांडले. डावीकडे मशीनचा मूळचा, एकोणीस वर्षांपूर्वी काढलेला. मग दुसरा, तिसरा, चौथा. उजव्या टोकाला आज काढलेला. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. रांग उतरत गेली होती, वर्गाच्या फोटोत उंचीप्रमाणे उभी केलेली मुलं असावीत तशी.

शब्दकोश. आत्या. आई. काका. तिने मनात एकेका बुशावर एकेकाला बसवलं आणि वळून दाराकडे पाहिलं.

कारण आता हे आजोबांना सांगायचं होतं. मशीन वाचवायचं तर सांगावंच लागणार होतं, आणि सांगितलं की एकोणीस वर्षं घरभर सगळे कुणाच्या मापामुळे हादरले, तेही कळणार होतं. बोळात काका होता. त्याच्या कानावर गेलं असतं तर?

तिने दार लोटून घेतलं.

"आजोबा, एक बोलू? रागवायचं नाही."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवतो."

तिने सांगितलं नाही. तिने कप्प्यातला बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढून त्यांच्या हातात दिला. "बुश नका मोजू. बुश जिथे बसतो ती कडी मोजा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग रांगेकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग उठले, बोळात आडव्या पडलेल्या मशीनशी गुडघे टेकून बसले, आणि व्हर्निअरची टोकं कडीत घातली.

"चोवीस मिलिमीटर," ते म्हणाले. खोलीत परत येऊन त्यांनी सकाळीच केलेला बुश मोजला. "बावीस. दोन मिलिमीटर सैल."

चिमटीने रांगेतला मूळचा बुश त्यांच्यापुढे सरकवला.

"कारखान्यात नमुना वरून यायचा," आजोबा हळूच म्हणाले. "कोरा. त्यावर संशय घ्यायचं कारणच नसायचं. इथे मी झिजलेल्यालाच नमुना म्हटलं. त्याची नक्कल केली, ती झिजली, मग तिची नक्कल." त्यांनी मूळचा बुश उचलला आणि परत ठेवला. "फरशी सरळ आहे गं."

"हो."

"एकोणीस वर्षं फरशीला बोललो मी."

"फरशीला राग येत नाही, आजोबा."

"शोरूमला सांगणार?"

"कुणालाच नाही सांगणार. फक्त लेथला."

ते हसले, अगदी थोडं, पण हसले. मग ठोकळ्याचे उरलेले दोन तुकडे त्यांनी तिच्यापुढे सरकवले. "तू फिरव. माझा हात बावीसला सवयीने थांबेल."

"मी? आजोबा, दोनच तुकडे आहेत."

"म्हणूनच तू."

साडेतीन वाजले होते. लेथ तिने याआधी चालवला होता, पण तो खेळण्याची चाकं करायला. आता प्रत्येक पट्टी सोलताना तिला वाटत होतं की जरा जास्त गेलं तर ती स्वतःच टेबल भंगारात घालणार. पंचवीस. पुन्हा मोज. साडेचोवीस. पुन्हा मोज. मध्ये दार ढकलून आत्या आली. तोंडातल्या टाचण्या काढून तिने रांग पाहिली, व्हर्निअर पाहिला, आणि शिंपिणीला जे कळायचं ते एका नजरेत कळलं.

"अंगाचं माप," ती म्हणाली.

"कुणाला बोलू नकोस, आत्या."

"तोंडात टाचण्या असतात माझ्या, बोलणार कुठून?" तिने टेबलावरचा दिवा उचलून बरोबर कापाच्या जागेवर धरला. "आणि अण्णा, मला खोली हवीच आहे, ते अजून तसंच आहे. पण भिंतीलगतची अर्धी पुरेल."

दुसरा बुश साडेचारला झाला. कडीत घालताना तो हाताने गेला नाही. चिमटीने लाकडी हातोडीने ठोकला तेव्हा एक एक केसभर आत सरकला. काकाने मशीन उभं केलं. इतका वेळ त्याने काही विचारलं नव्हतं. फक्त उभं केल्यावर त्याने वरून दाबून हलवून पाहिलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

गाडी पाचला दहा कमी असतानाच आली. सामान उचलणारे दोघे आत आले, त्यांना आईने चहा दिला, आणि तेही बोळात उभे राहिले. मशीन खांद्यावर घेणाऱ्यांसमोर मशीनची परीक्षा. चिमटीला आपल्या प्रगतिपुस्तकाच्या दिवसाची आठवण झाली.

आईने ओले कपडे आत घातले, पेला काठोकाठ भरून वर ठेवला आणि बटण दाबलं.

ड्रम फिरू लागला. हळू, मग जोरात. आवाज चढायची वेळ आली तसा काका सवयीने पुढे सरकला.

"हात लावायचा नाही," आई म्हणाली.

वेग वाढला. पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल वर्तुळं उमटली आणि तशीच थरथरत राहिली. काठावरून एक थेंब ओघळला. दुसरा ओघळलाच नाही.

कुणाला कळलंच नाही की मशीन पूर्ण वेगात आलंय, कारण पूर्ण वेगातला असा आवाज या घरात एकोणीस वर्षांत कुणी ऐकलाच नव्हता. नुसती गुणगुण. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्यावरून ऐकू येत होती.

बाबांना मात्र सवय जुनी होती. मशीन पिळायला लागलं आहे एवढंच त्यांनी पाहिलं, काकाच्या कानाशी वाकले, आणि गडगडाटावर मात करायच्या आवाजात म्हणाले, "अण्णांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही, पण मला नवीनच हवं होतं."

वाक्य आख्ख्या घरात स्वच्छ ऐकू गेलं. बाबांचे कान लाल झाले. सामान उचलणाऱ्यांपैकी एकाने चहाच्या कपात तोंड लपवलं. मग आत्याला हसू फुटलं, मग आईला, आणि आईला फुटल्यावर कुणालाच आवरलं नाही.

"ऐकलं मी," आजोबा म्हणाले. "सगळं ऐकू येतंय आता. तर माझंही ऐका."

चिमटीने मान हलवून त्यांना नको म्हटलं. त्यांनी ते पाहिलं आणि तरीही ते बोलले, सावकाश, त्या गुणगुणीत एकही शब्द हरवणार नाही असे.

"माप माझं चुकलं होतं. पहिल्या बुशापासून. फरशीचा काही दोष नाही. आजचे बुश हिने केलेत, आणि कुठे मोजायचं तेही हिनेच सांगितलं."

काका पेल्याकडे बघत होता. मग त्याने खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला, आणि समोरच उभ्या असलेल्या त्या दोघांना म्हणाला, "नवीन मशीन परत न्या. आमचं चालतंय." थोडं थांबून चिमटीला म्हणाला, "भंगारवाल्याला तू सांग. त्याला तोंड दाखवायला मला जागा नाही."

"तूच सांग, काका. मशीनवर बसून सांग, सोपं जाईल."

ड्रम मंदावला, थांबला. पेला जिथे ठेवला होता तिथेच होता. आईने तो उचलला आणि अर्धा पिऊन उरलेला चिमटीला दिला. तिने घोटभर घेतला. साधं पाणी, पण ती ते फार हळू प्यायली.

आईने दुसरे कपडे भरले. मशीन पुन्हा सुरू झालं आणि हळूहळू प्रत्येक जण आपापल्या कामाला लागायला हवा होता, पण कुणी हललं नाही. सगळे उगीचच मशीनभोवती उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळून. एकोणीस वर्षांत प्रथमच त्याला कुणाची गरज नव्हती.

पिळायची वेळ झाली तसे आजोबा पुढे आले.

"हात दे गं, चिमटे."

"कशाला, आजोबा? आता हलत नाही ते."

"म्हणूनच." त्यांनी एक हात तिच्या खांद्यावर टाकला, दुसरा काकाच्या, एक पाय स्टुलावर ठेवला आणि बनियनवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसकट मशीनवर चढून बसले. पाय हवेत लोंबकळत होते. पूर्ण वेगात मशीन त्यांच्याखाली गुणगुणत होतं आणि त्यांचा चष्मासुद्धा जागचा हलला नाही.

"भिंतीवर वारांचा कागद आहे ना, त्यात बदल करा," ते म्हणाले. "रविवार माझा."